घोडबंदरची कोंडी, माळशेजचा चढ: टर्बो-पेट्रोल गाड्यांची तुलना कशी करायची

शोरूममध्ये टर्बो-पेट्रोल, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा असलेल्या, गाडीची चौकशी केली की पहिला आकडा कानावर पडतो तो पीएसचा, म्हणजे अश्वशक्तीचा. १०० पीएस, १२० पीएस, १३० पीएस. आकडा खोटा नसतो, पण तो इंजिन पाच-सहा हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) फिरत असतानाचा असतो. ठाण्यातला माणूस एवढं इंजिन वर्षातून चार वेळा फिरवत असेल तर खूप. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत रांगताना, किंवा माळशेजच्या वळणावर दुसऱ्या गिअरमधून भरलेली गाडी उचलताना, इंजिन १,२०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात असतं. दोन टर्बो गाड्यांमधला खरा फरक या पट्ट्यात दिसतो. तुलनाही तिथेच करायची.

चढाला मुळात किती ताकद लागते?

गाडी १,३०० किलोची, आत चार माणसं आणि सामान मिळून ३०० किलो. एकूण १,६०० किलो. समोर ८ टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर उंची. वळणावर वेग ताशी २५ किलोमीटर. गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून इथे साधारण १४ पीएस लागतात. फक्त चौदा.

मग १०० पीएसची गाडी वळणावर बसते का? कारण दुसऱ्या गिअरमध्ये २५च्या वेगाला इंजिन दीड हजार आरपीएमच्या आसपास असतं. टर्बोने अजून हवेचा दाब, म्हणजे बूस्ट, तयार केलेला नसेल तर एक लिटरचं इंजिन तिथे ८० न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं असं धरू. हिशेबाने ते झाले १७ पीएस. गिअरबॉक्समध्ये दहा-पंधरा टक्के जातात, एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन पीएस खातो. चाकापर्यंत बारा-तेरा उरतात आणि लागतात चौदा. हिशेब तुटीत गेला. तेच बूस्ट आलेलं असेल आणि त्याच आरपीएमला १६० न्यूटनमीटर मिळत असतील, तर ताकद थेट ३४ पीएस होते आणि गाडी हसतखेळत वर जाते. म्हणजे घाटात प्रश्न एकच असतो: पाय दाबल्यावर बूस्ट किती आरपीएमला येतं आणि किती वेळात येतं. जास्तीत जास्त पीएस किती, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

जाता जाता: टर्बोचं समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरचं कौतुक बरंच ऐकायला मिळतं. ते लेह-लडाखला खरं आहे, तिथे हवा फार विरळ असते. सह्याद्रीत घाटमाथा सहाशे-सातशे मीटरवर. तिथे साध्या इंजिनाचीही ताकद सहा-सात टक्केच घटते. तेवढ्यासाठी टर्बो घ्यायची गरज नाही.

ब्रोशरमधली कोणती ओळ वाचायची

टॉर्कची. आणि त्यातही न्यूटनमीटरपेक्षा त्यापुढे लिहिलेला आरपीएमचा पट्टा महत्त्वाचा. तो किती खालून सुरू होतो ते बघा.

ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेटच्या एक लिटर टर्बोचे १७२ न्यूटनमीटर १,५०० आरपीएमपासून ४,००० पर्यंत मिळतात. महिंद्रा एक्सयूव्ही थ्रीएक्सओच्या १.२ लिटर टर्बोचे २०० न्यूटनमीटर १,५०० ते ३,५०० या पट्ट्यात आहेत. तिच्याच डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात तो आकडा २३० होतो. स्कोडा-फोक्सवॅगनचं १.० टीएसआय १,७५० पासून १७८ देतं, टाटा नेक्सॉनचं १.२ लिटर तिथूनच १७०. मारुती फ्रॉन्क्सच्या एक लिटर बूस्टरजेटचे १४७.६ न्यूटनमीटर २,००० पासून सुरू होतात. निसान मॅग्नाइटचं एक लिटर टर्बो मॅन्युअलमध्ये १६० देतं, पण २,८०० ते ३,६०० च्या अरुंद पट्ट्यात. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) घेतली तर १५२ मिळतात आणि तेही २,२०० पासून.

शेवटची जोडी नीट बघा. कागदावर मॅन्युअलचा टॉर्क आठ न्यूटनमीटरने जास्त आहे. पण घोडबंदरच्या रहदारीत २,८०० आरपीएमपर्यंत कोण जातं? त्याच इंजिनाला सीव्हीटी जास्त मानवते, कारण ती पाय दाबताच इंजिनाला हव्या त्या आरपीएमवर नेऊन ठेवते. मॅन्युअलमध्ये ते काम तुमच्या डाव्या हाताचं आणि डाव्या पायाचं.

दुसरी गोष्ट वजन. गाडीच्या पुस्तिकेतल्या तांत्रिक पानावर कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, असतं, ते घ्या, त्यात माणसं-सामान मिळवा आणि टॉर्कला त्या टनांनी भागा. नुसत्या रिकाम्या गाडीच्या वजनाने भागू नका, त्यात फसगत होते. समजा एक गाडी १,०५० किलोची आणि टॉर्क १४८. दुसरी १,३०० किलोची आणि टॉर्क १७२. रिकाम्या गाडीत हिशेब टनामागे १४१ आणि १३२ असा निघतो, हलकी गाडी सरस दिसते. आता दोन्हींत ३२० किलोची माणसं आणि बॅगा भरा: १०८ आणि १०६. फरक जवळजवळ संपला. एकटे ऑफिसला जाणार असाल तर पहिला हिशेब धरा, आईवडील-मुलांसह भीमाशंकरला जाणार असाल तर दुसरा.

किमतीच्या बाबतीत एक सीमारेषा लक्षात ठेवावी लागते. २२ सप्टेंबर २०२५पासून १,२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी, या दोन्ही अटी पाळणाऱ्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापलीकडे ४० टक्के. दोन्ही अटी एकत्र लागतात. म्हणून एक लिटरचंच इंजिन असूनही चार मीटरपेक्षा लांब असलेल्या स्कोडा कुशाक किंवा फोक्सवॅगन टायगुनवर ४० टक्के बसतो. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स: वैयक्तिक पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२, त्यापुढे १३. गाडी ठाण्यात (एमएच ०४) नोंदवा की नवी मुंबईत (एमएच ४३), यात काही फरक पडत नाही.

टेस्ट ड्राइव्ह: रस्ता तुम्ही ठरवा

सेल्समन गाडी सर्व्हिस रोडवरून सरळ नेतो, यू-टर्न मारतो आणि परत आणतो. सपाट रस्त्यावर सगळ्याच टर्बो गाड्या छान पळतात. ठाण्यात असाल तर उपवनहून येऊरला चढणारा रस्ता मागा: चढ आहे, वळणं आहेत आणि दिवसा सकाळी गर्दी कमी असते (जंगलाचा भाग आहे, हॉर्न आणि शर्यत दोन्ही टाळा). गायमुखचा घाटही चालेल, मात्र तिथे जड वाहनांची रांग लागली की टेस्ट ड्राइव्ह म्हणजे नुसतं बसून राहणं. नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलवर वर जाणारे रस्ते या कामाला उत्तम आहेत. पाम बीच रोडवर फक्त आवाज आणि सस्पेन्शन कळतं, लॅग, म्हणजे बूस्ट येण्यातला उशीर, कळत नाही.

सगळ्या गाड्यांना एकच रस्ता, जमलं तर एकच वेळ. गाडीत तीन माणसं तरी हवीत. एसी २२ वर, पंखा मध्यम. दुसऱ्या कोणाला तरी मोबाइल धरायला सांगा आणि स्पीडोमीटर-टॅकोमीटरचं चित्रण करून ठेवा. घरी येऊन शांतपणे सेकंद मोजता येतात. चालवताना जाणवणाऱ्या पिकअपवर विश्वास ठेवू नका. ज्या गाडीत बूस्ट उशिरा पण एकदम येतं तीच जोरात वाटते, आणि चित्रण बघितल्यावर तीच मागे पडलेली दिसते.

पहिली चाचणी चढावर. दुसरा गिअर, वेग २०, पाय स्थिर. मग एक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि ४० येईपर्यंत दाबून ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसऱ्यावर ठेवून करा, नाहीतर गिअरबॉक्स पहिल्यावर उतरून लॅग झाकून टाकते. सीव्हीटीला असा गिअर धरून ठेवता येत नाही, तिच्यात डीमध्येच करा. सेकंदांचे दोन आकडे लिहून ठेवा: पाय दाबल्यापासून गाडीने खरी ओढ घेईपर्यंतचा, आणि २० ते ४० चा. पहिला वेळ एका सेकंदाच्या आत असेल तर उत्तम. दोनच्या वर गेला तर ती गाडी घाटात सतत गिअर बदलायला लावणार हे धरून चाला.

दुसरी चाचणी रांगण्याची, आणि ठाणेकरांसाठी हीच जास्त मोलाची. मॅन्युअलमध्ये पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडा, एक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नका. सपाटीवर गाडी सहा-आठच्या वेगाने शांत चालते का? आता हलक्या चढावर तेच करा. तीन सिलिंडरचं इंजिन इथे थरथरतं, काही गाड्या बंद पडतात. जिचं इंजिन एक्सिलरेटरशिवाय हलका चढ ओढतं तिचा क्लच कोंडीतही टिकतो. जिला दर वेळी अर्ध्या क्लचवर खेळवावं लागतं तिची क्लच प्लेट लवकर जाते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक सोडून बघा: गाडी मागे सरकते का, पुढे जाताना धक्का देते का, की सावकाश निघते.

तिसरी गोष्ट, अर्धा पाय. तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला एक्सिलरेटर निम्मा दाबून स्थिर ठेवा. ताकद एकसारखी वाढत गेली पाहिजे. आधी काहीच नाही आणि मग अचानक धक्का, असं होत असेल तर जुलैत ओल्या वळणावर पुढची चाकं फिरतील.

चौथी चाचणी शोरूमवाले सहसा करू देत नाहीत, पण मागून बघा. एसी लावून पंचवीस-तीस मिनिटं रहदारीत रांगल्यावर पहिली चाचणी पुन्हा करा. बोनेटखाली उष्णता साठली की इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग) तापतो, इंजिनात जाणारी हवा गरम होते, आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो, बूस्टही कमी करतो. गाडी सकाळी जशी ओढत होती तशी ओढत नाही. १.० टीएसआयसारख्या इंजिनात इंटरकूलर पाण्याने थंड होतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. हवेचा मार्ग आखूड असल्याने लॅगही कमी होतो. नुसत्या हवेवर थंड होणाऱ्या इंटरकूलरला वाहती हवा लागते, आणि कापूरबावडीच्या सिग्नलला ती कुठून येणार?

उतारावरची तपासणी बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या गिअरमध्ये पाय काढून घ्या आणि वेग वाढतो की धरून राहतो ते बघा. इंजिन ब्रेकिंग इंजिनाच्या आकारमानावर अवलंबून असतं, तिथे टर्बो काही मदत करत नाही. एक लिटरच्या इंजिनाला भरलेली गाडी उतारावर रोखणं जड जातं. म्हणून कसाऱ्याचा घाट उतरताना तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर लागतो, आणि सीव्हीटीत एल किंवा तत्सम मोड आहे का हे आधीच बघून ठेवायचं.

गिअरबॉक्स कोणती

इंजिनापेक्षा हा निर्णय मोठा आहे, असं आमचं मत.

ड्युअल क्लच (डीसीटी, डीएसजी, डीसीए ही तिचीच नावं) म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून गिअर बदलणारी ऑटोमॅटिक. तिचे दोन प्रकार. कोरडा क्लच ह्युंदाई-कियाच्या एक लिटर टर्बोच्या सात स्पीड डीसीटीत आणि स्कोडा-फोक्सवॅगनच्या १.५ टीएसआयच्या सात स्पीड डीएसजीत आहे. नेक्सॉनच्या सात स्पीड डीसीएमध्ये क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. रांगताना गिअरबॉक्स क्लच अर्धवट धरून गाडी सरकवते. त्या घर्षणाची उष्णता ओल्या क्लचमध्ये ऑइल वाहून नेतं. कोरड्यात ती हळूहळू हवेतच जाते. वाघबीळ ते कासारवडवली रोज तासभर एक-एक मीटर सरकवत नेलं तर कोरड्या क्लचला काय वाटत असेल याची कल्पना करा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर सुरू होते, फारच तापला तर डॅशबोर्डवर सूचना येते. अशी गाडी असेल तर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून सरकू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या आणि मग एकदाच क्लच पूर्ण बसेल इतकं पुढे जा. मध्ये रिक्षा घुसेल. घुसू द्या. आणि पुलाच्या चढावर गाडी एक्सिलरेटरने कधीच थोपवून धरू नका, ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड लावा.

टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी ऑइलच्या प्रवाहातून ताकद पुढे देणारी ऑटोमॅटिक, या सगळ्यात बिनधास्त. थ्रीएक्सओ, फ्रॉन्क्स टर्बो आणि २०२१-२२ मध्ये आलेल्या १.० टीएसआय गाड्यांमध्ये सहा स्पीडची अशी गिअरबॉक्स आहे. गिअर डीसीटीइतका झटपट पडत नाही, पण रांगण्याचं काम ती वर्षानुवर्षं करते. शिवाय कन्व्हर्टर सुरुवातीला टॉर्क वाढवून देतो, त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंतची पोकळी झाकली जाते. सीव्हीटी रहदारीत सगळ्यात गुळगुळीत, घाटात मात्र इंजिन ओरडत राहतं. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारी मॅन्युअल गिअरबॉक्स, टर्बोबरोबर घेऊ नये. वळणावर बूस्ट आलेलं असतं, नेमका तेव्हाच गिअर बदलण्यासाठी ती ताकद तोडते, आणि पुन्हा बूस्ट भरेपर्यंत गाडी बसते.

घाटात टर्बो कशी चालवायची

वळणाच्या आधी गिअर उतरवा, वळणात नाही. आरपीएम १,९०० ते २,८०० मध्ये राहील असं बघा. वळणाच्या मध्यावर येण्याआधीच एक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायला लागा, म्हणजे स्टिअरिंग सरळ होईपर्यंत बूस्ट तयार असतं. ऑटोमॅटिकमध्ये डीवर सोडून देऊ नका. डी मोड पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर पकडतो, वळणावर गाडी तिसऱ्यात सापडते आणि पाय दाबल्यावर आधी गिअर उतरणार, मग टर्बो फिरणार, मग ओढ येणार. स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड घाटापुरता लावावा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण पाय. कोपरीच्या पुलावर चौथ्या गिअरमध्ये १,३०० आरपीएम, पेट्रोल वाचतंय म्हणून गिअर उतरवायचा नाही आणि एक्सिलरेटर तळापर्यंत. टर्बो डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात याच अवस्थेत लो-स्पीड प्री-इग्निशन होतं: ठिणगी पडायच्या आधीच सिलिंडरमधलं मिश्रण पेटतं, पिस्टन वर येत असतानाच स्फोटाचा दाब त्यावर बसतो. आवाज हातोडीच्या एका घावासारखा येतो, आणि पिस्टनची कड किंवा रिंग तुटायला असे मोजके घाव पुरतात. उपाय दोन. गिअर उतरवा. आणि ऑइल योग्य वापरा: हा धोका लक्षात घेऊन केलेली एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम संस्था) एसएन प्लस ही ऑइलची श्रेणी २०१८ मध्ये आली, एसपी २०२० मध्ये. डबा घेताना त्यावर एसपी लिहिलेलं हवं, आणि कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड व मंजुरी क्रमांकही.

ऑइल, उष्णता आणि सर्व्हिसचे किलोमीटर

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला एक्झॉस्टचे नऊशे अंशांच्या आसपास तापलेले वायू. घाट चढून वर आलात आणि चहासाठी लगेच इंजिन बंद केलं, तर ऑइलचा पुरवठा थांबतो, उष्णता मात्र आतल्या बेअरिंगकडे पसरत राहते. अडकलेलं ऑइल जळून कोळसा होतो, तोच पुढे ऑइलची बारीक वाट बुजवतो. सलग चढ किंवा एक्सप्रेस वेवरची धाव झाली की मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा, मग बंद करा. रोजच्या शहरातल्या फेरीनंतर याची गरज नाही. शेवटचे दोन-तीन मिनिटं सोसायटीच्या गल्लीत हळू येता तेवढं पुरतं. बंद केल्यावरही बोनेटखाली पंखा किंवा पाण्याचा छोटा पंप चालू राहत असेल तर तो बिघाड नाही, टर्बो थंड करण्यासाठीच तो असतो.

सर्व्हिस १०,००० किलोमीटरला, असं बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात असतं. पण इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, तास कळतात. ताशी सरासरी ५० ने १०,००० किलोमीटर म्हणजे २०० तास. घोडबंदरवर सरासरी १८ पडली तर तेच १०,००० म्हणजे साडेपाचशे तास. ऑइलने जवळपास तिप्पट काम केलेलं असतं. रोजचा प्रवास कोंडीचा असेल तर ऑइल आणि फिल्टर ७,००० ते ७,५०० ला बदला, किंवा वर्षाने, जे आधी येईल ते. सर्व्हिस सेंटर म्हणेल गरज नाही. गरज ठाण्याच्या रहदारीने ठरवली आहे.

डिपस्टिक दर हजार किलोमीटरला बघायची: सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. पातळी कमी होत असेल तर ऑइल जळतंय किंवा गळतंय. पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतंय. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्या रोज दोन-तीन किलोमीटरच चालवल्या, इंजिन नीट तापलंच नाही, की असं होतं. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्यावी.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे अॅव्हरेज पडतं ही तक्रार अर्धी खरी. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणात अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटणं स्वाभाविक आहे. मात्र इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं आणि सिलिंडरमधली हवा थंड करतं, टर्बोला हे पथ्यावर पडतं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी सेकंडहँड घेत असाल तर तिच्या इंधनाच्या नळ्या आणि सील ई२० ला चालतात का, हे मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाआडच्या स्टिकरवर बघून घ्या.

पावसाळा

वंदना टॉकीजजवळ पाणी भरलं की दरवर्षी काही गाड्या तिथे उभ्या राहतात. हवा आत घेणारं तोंड पाण्यात गेलं तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बो गाडीत इंटरकूलर आणि त्याच्या नळ्या बऱ्याचदा बंपरच्या मागे खालच्या बाजूला असतात, त्यामुळे नळीची क्लॅम्प सैल असेल तर पाण्याला आणखी एक वाट मिळते. पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं की गाडी घालू नका. घातली आणि बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनाचं खरं नुकसान बहुधा त्या दुसऱ्या प्रयत्नात होतं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं असू द्या, साध्या पॉलिसीत हा खर्च सहसा बसत नाही.

पावसाळा संपला की बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून इंटरकूलर बघा. चिखल आणि पानं बसली असतील तर नळाच्या साध्या धारेने धुवा. प्रेशर पंप जवळून मारला तर पात्या वाकतात आणि हवा अडते.

कोणाला कोणती

महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटर, तेही सगळे ठाण्यात, घाट वर्षातून एकदा: टर्बो घेऊ नका. साधं १.२ किंवा १.५ लिटर इंजिन किंवा हायब्रिड तुम्हाला कमी खर्चात तेच सुख देईल. रोज कोंडी आणि महिन्यातून एकदा माळशेज, लोणावळा किंवा इगतपुरी: १,७५० च्या आत टॉर्क सुरू होणारं एक-सव्वा लिटरचं टर्बो, टॉर्क कन्व्हर्टरसह. दर शनिवार-रविवार पाच माणसं आणि डिकी भरून: १.५ लिटर टर्बो. १.५ टीएसआयचे २५० न्यूटनमीटर १,६०० पासून मिळतात, क्रेटाच्या १.५ टर्बोचे २५३ तर १,५०० पासून. ४० टक्के जीएसटी पोटात घालूनही भरल्या गाडीत फरक कळतो. मॅन्युअल आवडत असेल तर क्रेटा आणि टीएसआयमध्ये मॅन्युअलचे प्रकार कोणत्या ट्रिममध्ये मिळतात ते आधी विचारा, यादी बदलत राहते.

सेकंडहँड टर्बो घेताना

इथे नव्या गाडीपेक्षा जास्त काळजी लागते, कारण आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं हे मीटरवर दिसत नाही. सर्व्हिसची बिलं मागा आणि तारखा बघा. दोन ऑइल बदलांमध्ये वीस हजार किलोमीटरचं अंतर दिसलं तर पुढचं काही बघू नका.

बोनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारी नळी काढायला लावा. आत ऑइलचा पातळ ओलावा असतोच, तो चालतो. बोट घालून थेंब निथळला किंवा तळाशी साठलेलं ऑइल दिसलं, तर टर्बोचा सील किंवा इंजिनाचं ब्रीदर (आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) संशयास्पद. नळीच्या जोडावर काळपट तेलकट डाग म्हणजे बूस्ट गळतंय. चालवताना याचा फुस्स आवाज येतो आणि चढावर ओढ कमी पडते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) जोडा: पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतंय, पी०२३४ म्हणजे जास्त होतंय. पहिला कोड दिसला म्हणून लगेच टर्बो बदलायला निघू नका; बऱ्याच वेळा फाटलेली नळी, सैल क्लॅम्प किंवा वेस्टगेटचा (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेचा) अडकलेला दांडा निघतो. क्रम तोच ठेवा: आधी नळ्या, मग वेस्टगेट आणि सोलेनॉइड, शेवटी टर्बो. चढावर पूर्ण पाय दिल्यावर गाडी अडखळत असेल तर टर्बोआधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा, कारण बूस्टच्या दाबाखाली झिजलेल्या प्लगची ठिणगी सगळ्यात आधी विझते.

धूर बघण्यासाठी इंजिन तापल्यावर तीन-चार मिनिटं नुसतं चालू ठेवा आणि मग जोरात एक्सिलरेटर द्या. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, बहुधा टर्बोच्या सीलमधून ते एक्झॉस्टमध्ये जातंय. आणि थंड इंजिन सुरू होताना ऐकायचंच आहे, म्हणून विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.